दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यायचा का, आणि द्यायचाच तर कसा

‘मला माझा लॅपटॉप हवा’ असं मूल म्हणतं तेव्हा त्या ‘माझा’मध्ये तीन मागण्या असतात. हवा तेव्हा वापरायला मिळावा, मध्येच कुणी उठवू नये, ही पहिली. तो माझ्या खोलीत राहील, ही दुसरी. त्यात काय टाकायचं आणि काय काढायचं ते मी ठरवणार, ही तिसरी. पालक मात्र एकच प्रश्न समजून हो किंवा नाही म्हणतात, आणि ‘हो’ म्हटलं की ते तिन्ही मागण्यांना लागू होतं. बहुतेक घोळ इथेच होतो. या तीन गोष्टी सुट्या करता येतात. नऊ ते बारा या वयात पहिली गरजेप्रमाणे मान्य करावी, दुसरी सहसा करू नये आणि तिसरी अजिबात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॅपटॉप मुलाचा असला तरी ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार असलेले, पालकच हवेत.

गरज मोजायची कशी

दोन आठवडे एक कागद भिंतीवर लावा. त्यावर चार रकाने आखा: तारीख, काम, किती मिनिटं आणि ‘थांबावं लागलं का’. घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर मूल जे करेल ते सगळं त्यात लिहायचं, खेळ आणि व्हिडिओसुद्धा. नोंदीवरून ओरडायचं नाही. ओरडलात तर तिसऱ्या दिवसापासून कागदावर फक्त अभ्यास दिसेल.

पंधरवड्यानंतर शेवटचा रकाना बघा. टाइप करणं, कोडिंग, चित्र किंवा संगीताचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन वर्ग अशा कीबोर्ड आणि मोठा पडदा लागणाऱ्या कामासाठी मूल किती वेळा अडलं, तेवढंच मोजा. व्हिडिओसाठी अडलं असेल तर ते धरू नका. आमचा ठोकताळा असा: चौदा दिवसांत तीन-चार वेळा अडलं असेल तर घरात वेळापत्रक लावलं की भागतं. आठ-दहा वेळा अडलं असेल तर दुसरं यंत्र खरंच लागणार आहे. मधल्या आकड्याला आधी सामायिक लॅपटॉपवर मुलाचं वेगळं खातं उघडा. बऱ्याच घरांत मुलाला टोचत असते ती दुसरीच गोष्ट. आपल्या फाइल्स कुणीतरी हलवतं, आपला खेळ कुणीतरी बंद करतं. वेगळं खातं मिळालं की ती तक्रार मिटते.

लॅपटॉपची मागणी शाळेकडून आली असेल तर तीन प्रश्न विचारून घ्या. काम ब्राउझरमध्येच होतं की एखादा ठरावीक प्रोग्रॅम लागतो? तो कोणत्या सिस्टिमवर चालतो? आणि मूल शाळेनं दिलेल्या खात्यातून लॉग-इन करणार आहे का? तिसरा प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शाळेच्या खात्यावर शाळेचं नियंत्रण असतं, तुमचं नाही. घरी लावलेल्या मर्यादा त्या खात्यातून लॉग-इन केल्यावर लागू होत नाहीत. ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य ऐकू आलं तर ते ‘सगळे’ कोण, आणि त्यांच्याकडे स्वतःचा आहे की घरातला, हे त्यांच्या पालकांनाच विचारा.

महिनाभराची चाचणी

मूल तयार आहे की नाही हे वयावरून कळत नाही. नऊ वर्षांचं एखादं मूल व्यवस्थित सांभाळतं, बारा वर्षांचं एखादं नाही. म्हणून विकत घेण्याआधी महिनाभर सामायिक लॅपटॉपवर वेगळं खातं द्या, तो बैठकीच्या खोलीत ठेवा आणि पुढच्या गोष्टी बघा.

पहिली, फाइलची शिस्त. मुलाला एक पान लिहायला सांगा. फाइलला अर्थपूर्ण नाव देऊन ठरलेल्या फोल्डरमध्ये साठवायची, दुसऱ्या दिवशी तीच उघडून दोन ओळी वाढवायच्या आणि ईमेलला जोडून तुम्हाला पाठवायची. तुम्ही शेजारी बसायचं, पण हात लावायचा नाही. फोन आणि टॅब्लेटवर वाढलेल्या मुलांना ‘फाइल कुठे आहे’ ही कल्पनाच नवी असते. काम ॲपमध्येच राहतं असं त्यांना वाटतं. हे जमत नसेल तर नवा लॅपटॉप आल्यावर आठवड्यातून तीनदा ‘माझं काम गेलं’ ऐकावं लागेल.

दुसरी, खोटं बटण ओळखणं. मोफत सॉफ्टवेअर देणारं एखादं पान उघडा, जिथे ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन-चार बटणं असतात. सगळ्यात मोठं, हिरवं, ठळक बटण बहुधा जाहिरातीचं असतं. खरी लिंक कडेला बारीक अक्षरात असते. मुलाला फक्त विचारा, ‘यातलं खरं कोणतं?’ माऊसचा बाण कुठे जातो ते पाहा. थेट हिरव्या बटणाकडे गेला तर रागावू नका. बाण बटणावर नुसता टेकवला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो, तो वाचायला शिकवा. चार-पाच वेळा करून घेतलं की डोळा तयार होतो.

तिसरी, बंद करणं. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी एकदा सांगा आणि मग थांबा. पहिल्या आठवड्यात कुरकुर होणारच, ती मोजू नका. तिसऱ्या आठवड्यातही रोज आवाज चढत असेल तर स्वतःचा लॅपटॉप देणं म्हणजे त्या भांडणाला कायमची जागा करून देणं. एक सूट मात्र ठेवा: अनेक ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाहीत, डाव पुरा करावाच लागतो. ‘आत्ता बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘हा डाव शेवटचा’ म्हटलेलं चालतं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. गप्पांच्या ओघात एखादा प्रसंग समोर ठेवा. ‘खेळात कुणी विचारलं, कुठल्या शाळेत आहेस, फोटो पाठव, तर तू काय करशील?’ उत्तर हुशारीचं असायची गरज नाही. ‘तुला येऊन सांगेन’ एवढं आलं तरी बास. मुलं सांगत नाहीत याचं कारण नेहमी लाजच नसतं. सांगितलं तर लॅपटॉप काढून घेतील, ही भीतीही असते. म्हणून घरच्या नियमांत हे वाक्य पहिलं लिहा: विचित्र काही दिसलं आणि तू येऊन सांगितलंस, तर त्या कारणासाठी लॅपटॉप काढून घेतला जाणार नाही. आणि ते पाळा. एकदा मोडलंत तर पुढचं काहीच तुमच्यापर्यंत येणार नाही.

कोणतं यंत्र

मुलाचं काम ब्राउझरमध्येच असेल तर क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) पुरतं, आणि सांभाळायलाही सोपं पडतं. कोडिंगचे मोठे प्रोग्रॅम, व्हिडिओ संपादन किंवा ठरावीक खेळ हवे असतील तर विंडोज किंवा मॅक. रॅम (चालू कामासाठीची मेमरी) ८ जीबीच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं, पण ब्राउझरचे दहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल चालू केला की ते गुदमरतं. साठवणीच्या ठिकाणी ‘ईएमएमसी’ (स्वस्त, हळू साठवण) लिहिलं असेल तर टाळा, एसएसडी (वेगवान साठवण) घ्या. ६४ जीबीची ईएमएमसी असलेला विंडोज लॅपटॉप दोन-तीन मोठ्या अपडेटनंतर ‘जागा नाही’ म्हणू लागतो. पडदा १३ ते १४ इंच असावा. दप्तरातून न्यायचा असेल तर वजन दीड किलोच्या आत असावं.

जुना वापरलेला किंवा घरातला मोठ्यांचा लॅपटॉप देणं ही चांगली कल्पना आहे, पण आधी दोन गोष्टी बघा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. सुरक्षेचे अपडेट न मिळणारं यंत्र दिसेल त्यावर क्लिक करणाऱ्या वयाच्या हातात देणं हा सगळ्यात महागात पडणारा काटकसरीपणा. क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट मिळतात. ती वर्षं मोजली जातात ते मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, तुम्ही घेतल्या दिवसापासून नव्हे. सेटिंग्जमध्ये क्रोमओएसच्या माहितीच्या पानावर अपडेटची शेवटची तारीख दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय वापरलेलं क्रोमबुक घेऊ नका. मॉडेल बघता तितक्याच बारकाईनं बिजागरी आणि चार्जिंगचं पोर्ट हलवून बघा, कारण मुलांच्या हातात आधी तेच जातं.

पहिला तास तुमचा

यंत्र मुलाच्या हातात जाण्याआधी तासभर तुम्ही बसा. क्रम चुकला तर नंतर निस्तरणं कटकटीचं होतं.

सर्वात आधी तुमचं खातं. विंडोजवर पहिलं खातं आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर होतं. ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झाली तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा कोडसुद्धा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. मुलाचं खातं आधी उघडलं तर घराची चावी मुलाच्या खिशात गेली. क्रोमबुकवरही पहिलं लॉग-इन करणारा मालक ठरतो. पाहुण्यांचं ब्राउझिंग बंद करण्याचा अधिकार त्याच्याचकडे असतो, आणि ते बंद करायचंच. नाहीतर मूल पाहुणं म्हणून आत शिरतं आणि सगळे नियम बाहेर राहतात.

मग मुलाचं खातं, साध्या वापरकर्त्याचं, खऱ्या जन्मतारखेसह. अनेक सेवांची किमान वयोमर्यादा १३ आहे, आणि ती टाळायला वर्ष मागे ढकलायचा मोह होतो. करू नका. दहा वर्षांच्या मुलाला आज अठराचं दाखवलंत तर ते तेरा वर्षांचं होईल तेव्हा सेवेच्या लेखी एकवीस वर्षांचं असेल. अनोळखी माणसांचे संदेश, जाहिराती, प्रौढांसाठीचा मजकूर, सगळं खुलं होतं आणि नंतर बदलता येईलच असं नाही.

आता नियंत्रण. तिन्ही सिस्टिममध्ये ते मोफत आहे, पण प्रत्येकात एकेक भोक आहे.

विंडोजवर फॅमिली सेफ्टी. मूल स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करेल तेव्हाच ती चालते. मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं एखादं जुनं स्थानिक खातं राहून गेलं असेल तर मूल तिकडून आत जातं आणि मर्यादा गायब. म्हणून खात्यांची यादी उघडून फालतू खाती काढून टाका. वेबची गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये काम करते आणि ती चालू केली की इतर नेहमीचे ब्राउझर अडवले जातात. ‘क्रोम अचानक चालेना’ ही तक्रार आली तर बिघाड शोधत बसू नका.

क्रोमबुकवर फॅमिली लिंक. अँड्रॉइड फोन आणि क्रोमबुकवर ती वेळेची मर्यादा नीट लावते. विंडोज लॅपटॉपवर मात्र लावत नाही. तिथे मूल आपल्या खात्यानं क्रोममध्ये असेल तर वेबसाइटपुरतं नियंत्रण मिळतं, दुसरा ब्राउझर उघडला की तेही संपतं. फोनवर फॅमिली लिंक लावली आहे म्हणून विंडोज लॅपटॉपबाबत निर्धास्त राहिलेले पालक बरेच असतात.

मॅकवर स्क्रीन टाइम. मुलाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा. मुलांनी फोनचा पासकोड खांद्यावरून कधीच पाहून ठेवलेला असतो.

यावर एक जास्तीची जाळी राउटरवर लावता येते. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअर या कंपनीचे पत्ते टाका. त्यानं प्रौढ मजकूर आणि घातक साइट्स संपूर्ण वाय-फायवर अडतात, पाहुण्यांच्या फोनसकट. ब्राउझरमधलं ‘सुरक्षित डीएनएस’ दुसऱ्या कंपनीवर लावलेलं असेल तर मात्र ही जाळी ओलांडली जाते. कुणाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला तरी तेच होतं.

पळवाटा मुलं शोधतातच, आणि त्यात दुष्टपणा नसतो. खेळाच्या साइट्स बंद केल्या की वर्गमित्रांत नव्या साइट्सचे पत्ते फिरतात. चॅट बंद केलं की दोघं-तिघं एकच सामायिक दस्तऐवज उघडून त्यातच गप्पा मारतात. पालकांना दिसतो तो ‘निबंध’. व्हीपीएनचं, म्हणजे गाळणी चुकवून दुसऱ्या मार्गानं साइट उघडणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा, मुलाला शेजारी बसवून, एक्स्टेन्शनची यादी आणि बसवलेल्या ॲपची यादी दोघांनी मिळून बघा. चोरून तपासू नका. तपासणार आहोत हे आधीच सांगितलेलं असलं की विश्वासाला तडा जात नाही. गाळणी वेळ मिळवून देते, समज नाही. ती अर्धी वाट आहे एवढं धरूनच ती लावा.

जागा, पाठ आणि झोप

लॅपटॉपची मांडणीच शरीराच्या विरोधात आहे. पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्यानं पडदा डोळ्यासमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात खाली ठेवले तर मान वाकते. तोड साधी आहे. जाड पुस्तकांचा ढीग करून लॅपटॉप त्यावर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा, आणि वेगळा कीबोर्ड आणि छोटा माऊस टेबलावर द्या. मोठ्यांच्या खुर्चीत मुलाचे पाय लोंबकळतात, त्याखाली पाट किंवा खोका ठेवा. पडदा हाताच्या अंतरावर असावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, सहा मीटर किंवा त्याहून लांब बघायचं. मुलाला हे आठवत नाही, गजर लावून द्या.

जागा अशी निवडा की जाता-येता पडदा दिसेल. भिंतीकडे तोंड करून बसलं की पडदा खोलीकडे येतो. रात्री लॅपटॉप आणि त्याचा चार्जर दोन्ही झोपायच्या खोलीबाहेर. चार्जर आत राहिला की लॅपटॉपही काही दिवसांत आत जातो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. उठायच्या वेळेतून हे तास वजा करा आणि त्याच्या तासभर आधीची वेळ सिस्टिममध्ये ‘बंद’ म्हणून टाका. तुम्ही सांगण्यापेक्षा यंत्रानं स्वतः बंद झालेलं बरं, भांडण तुमच्याशी होत नाही.

काय मोडतं

पडदे नुसते पडूनच फुटतात असं नाही, झाकतानाही फुटतात. कीबोर्डवर पेन्सिल किंवा इअरफोन राहतो, झाकण दाबलं जातं आणि काच जाते. झाकण लावण्याआधी कीबोर्डवरून हात फिरवायची सवय लावा. उचलताना पडद्याचा कोपरा धरायचा नाही, खालून दोन्ही हातांनी उचलायचा. गादीवर वापरला की हवेच्या जाळ्या झाकतात, पंखा किंचाळतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर लावून टाका.

पाणी सांडलं तर काय करायचं ते मुलाला आधीच करून दाखवा, कारण तेव्हा तुम्ही बहुधा दुसऱ्या खोलीत असाल. चार्जर काढायचा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, लॅपटॉप उघडाच उलटा करून तंबूसारखा टेबलावर ठेवायचा आणि हाक मारायची. चालू होतो का, हे बघायचं नाही. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की वाचणारं यंत्रही मरतं. तांदळात पुरून उपयोग नाही, धूळ आणि पीठ मात्र आत जातं. गोड पेय सांडलं असेल तर वाळल्यावरही दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा, साखरेचा थर कळांखाली राहतो.

‘अजून नाही’ असं ठरलं तर

तर तारीख सांगा. ‘मोठा झालास की बघू’ हे मुलाच्या कानाला ‘कधीच नाही’ असं ऐकू येतं. चाचणीतल्या चारपैकी काय जमलं आणि काय राहिलं हे कागदावर लिहा, पुढची चाचणी तीन महिन्यांनी कोणत्या तारखेला ते कॅलेंडरवर मांडा, आणि तोवर सामायिक लॅपटॉपवर आठवड्यातले ठरावीक तास फक्त त्याचे किंवा तिचे ठेवा. त्या तासांत तुमचं ‘दोन मिनिटांचं काम’ आलं तरी उठवायचं नाही.